पाटीवर १७, कागदावर ६६

गेल्या महिन्यात आमच्या गावाकडच्या ग्रुपवर कोणीतरी एका मैलाच्या दगडाचा फोटो टाकला. डोकं पिवळं, खाली पांढरा, आणि पिवळ्यावर काळ्या रंगात 'एनएच १७'. खाली एवढंच लिहिलेलं, बघा अजून उभा आहे आपला सतरा. झालं, दोन दिवस नुसता धुरळा. एक गट म्हणे सतरा म्हणजे सतराच, वडिलांच्या काळापासून सतरा, दिल्लीत बसून कोणी नंबर बदलला म्हणून रस्ता बदलत नाही. दुसरा गट म्हणे २०१० लाच बदललाय, गॅझेट वाचा, इतकी वर्षं झाली तरी तुम्ही तिथेच. आणि तिसरा गट, प्रत्येक वादात असतो तो, की नंबरचं काय घेऊन बसलात, आधी खड्डे भरा. मी सगळं वाचलं आणि खरंच वाईट वाटलं, कारण तिघांच्याही बोलण्यात थोडंथोडं खरं आहे आणि तरी मूळ दुखणं काय आहे ते कोणीच धरत नव्हतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आजच्या तारखेला पनवेल ते कन्याकुमारी या रस्त्याचा नंबर ६६ आहे, त्यात वाद नाही. वाद घालायचाच तर यावर घाला, की सरकारने कागदावर नंबर बदलला आणि रस्त्यावरची पाटी तशीच राहू दिली तर त्याचा भुर्दंड कोणी भरायचा? मला वाटतं रस्त्याचा नंबर गॅझेटात छापून आला की बदलला असं धरूच नये. शेवटच्या दगडावर रंगवला जाईल तेव्हा तो बदलला. तोवर काम अर्धवट आहे, आणि अर्धवट कामाचा त्रास ज्याने ते अर्धवट सोडलं त्याला व्हायला हवा, त्या रस्त्याने जाणाऱ्या माणसाला नाही. पाटी जुनी असेल तोपर्यंत पोलीस ठाण्यापासून विमा कंपनीपर्यंत प्रत्येक ठिकाणी जुना नंबरही खरा मानला गेला पाहिजे, आणि तो खरा मानायची जबाबदारी कार्यालयाची, नागरिकाने दाखले आणायचे नाहीत.

आता जुन्या नंबरवाल्यांशी आधी बोलतो, कारण त्यांची माया खरी आहे पण मुद्दा कच्चा आहे. १९४३ मध्ये नागपूरला देशभरच्या चीफ इंजिनिअरांची परिषद झाली आणि तिथे राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, जिल्हा मार्ग, गावरस्ते अशी रस्त्यांची उतरंड आखली गेली, तोच नागपूर प्लॅन. पुढे महामार्ग वाढत गेले तसे नंबर पडत गेले आणि एखाद्याला फाटा फुटला की पुढे अक्षर लावलं. मुंबई-आग्रा ३, पुणे-बंगळूर ४, बेळगाव-पणजी ४ए, धुळे-नागपूर ६, पुणे-सोलापूर ९, पनवेल-गोवा १७, पुणे-नाशिक ५०, रत्नागिरी-कोल्हापूर २०४, सोलापूर-धुळे २११, कल्याण-निर्मल २२२. ही यादी बघून कोणी सांगू शकेल का की कुठला रस्ता कुठल्या दिशेला जातो, कोण कोणाचा फाटा आहे? नाही सांगता येत. ज्याला पाठ आहे त्याला पाठ आहे, एवढंच.

२०१० च्या एप्रिलमध्ये जी नवी पद्धत अधिसूचित झाली तिच्यात डोकं वापरलंय हे मान्य करायलाच हवं. उत्तर-दक्षिण रस्त्यांना सम आकडे, ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत येतात. पूर्व-पश्चिम रस्त्यांना विषम, ते उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढत जातात. म्हणून काश्मीर-लडाखमधल्या रस्त्याला १ आणि पार खाली रामेश्वरमच्या बाजूला ८७. म्हणूनच आपल्या किनाऱ्याला एवढा मोठा सम आकडा, ६६. नागपुरात श्रीनगर-कन्याकुमारी ४४ आणि हजिरा-पारादीप ५३ एकमेकांना छेदतात, एक सम एक विषम, नकाशा न बघताही चित्र डोळ्यासमोर येतं. धुळ्याला ५२, ५३ आणि ६० एकत्र येतात. तीन आकडी नंबर दिसला की शेवटचे दोन आकडे बघायचे, १६६ म्हणजे ६६ चा फाटा, रत्नागिरीहून कोल्हापूरकडे निघालेला. पुणे-सोलापूर आता ६५. मला ही पद्धत मनापासून आवडते, शाळेतल्या पोरांना भूगोलाच्या तासाला शिकवावी अशी आहे. त्यामुळे जुने नंबर परत आणा ही मागणी मला पटत नाही, आणि ती होणारही नाही.

पण याच पद्धतीत एक गोष्ट अशी केली गेली की जिच्यामुळे पाट्या बदलणं हे शोभेचं काम राहिलं नाही, अत्यावश्यक झालं. नवे नंबर एकपासून परत मोजले. म्हणजे जुने आकडे निवृत्त झाले नाहीत, ते दुसऱ्या रस्त्यांना दिले गेले! आपला जुना ४ आता अंदमानात आहे. जुना ३, आपला मुंबई-आग्रा, तो आकडा आता अटारी-अमृतसर-मनालीवरून लेहला जातो. ६ मेघालय-मिझोरामकडे गेला, ८ त्रिपुरात, आणि ज्याच्यावरून ग्रुपवर भांडणं झाली तो १७ आज उत्तर बंगालमधल्या सेवोकपासून गुवाहाटीपर्यंतच्या रस्त्याचा नंबर आहे. एवढ्या लांब तरी गोंधळ कमी, पण घरातच बघा ना, ५० म्हणजे पूर्वी पुणे-नाशिक, आता ५० म्हणजे नांदेडहून बिदर, कलबुर्गीमार्गे चित्रदुर्ग. दोन्ही महाराष्ट्रातून निघतात. कर्नाटकात नेलमंगलाला तर जुना ४८, बंगळूर-मंगळूर, जिथे जुन्या ४ ला मिळायचा, तिथून आज नवा ४८ जातो, आणि नवा ४८ म्हणजे तो जुना ४. एकाच फाट्यावर ४८ म्हटलं की जुन्या माणसाला एक रस्ता आठवणार आणि नव्याला दुसरा. तेव्हा जुनी पाटी नुसती शिळी राहत नाही, ती दुसऱ्याच रस्त्याचं नाव सांगत उभी असते. 'कळतंय की सगळ्यांना' असं म्हणून हे सोडून देता येईल का?

असा पेच आपल्या देशात पहिल्यांदा आलेला नाही, आणि एकदा तो फार चांगला सोडवलाही होता. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. त्याआधी रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे, त्यानंतर रुपयाचे शंभर पैसे. शब्द तोच, पैसा, पण किंमत वेगळी, म्हणजे अगदी आपल्या ५० सारखी गत. मग त्या वेळच्या सरकारने काय केलं? नाण्यावरच 'नया पैसा' असं लिहिलं आणि शेजारी 'रुपये का सौवाँ भाग' असंही, म्हणजे बाजारात भाजी विकणाऱ्या बाईला कुठला तक्ता बघायची गरज नाही, हातातलं नाणंच सांगतंय मी नवा आहे आणि रुपयाचा शंभरावा भाग आहे. जुनी नाणी लगेच बाद केली नाहीत, दोन्ही शेजारी शेजारी चालली. आणि तो 'नया' शब्द काढला १९६४ मध्ये, सात वर्षांनी, लोकांच्या हाताला सवय झाल्यावर. बदल करणाऱ्याने बदलाचं ओझं स्वतः उचलणं म्हणजे काय ते यात दिसतं. रस्त्यांच्या बाबतीत कोणी एवढंही केलं नाही की नव्या पाटीखाली बारीक अक्षरात 'जुना क्र. १७' लिहू या. किती रंग लागला असता?

आता हे नुसतं तत्त्वाचं वाटू नये म्हणून घरातली गोष्ट सांगतो. माझा आतेभाऊ चार वर्षांपूर्वी पावसाळ्यात रात्री बाइकवरून गावी चालला होता, लांज्याच्या पुढे वळणावर घसरला, पायाचं हाड मोडलं. मागून येणाऱ्या एका टेम्पोवाल्याने मदतीसाठी फोन लावला. समोरून विचारलं हायवे कुठला, किलोमीटर किती. तो बिचारा मोबाइलचा टॉर्च घेऊन दगड शोधायला गेला आणि दगडावर दिसलं ते वाचून सांगितलं, एनएच सतरा. पुढची तीन-चार मिनिटं राज्य कुठलं, जिल्हा कुठला, जवळचं गाव कुठलं यात गेली. शेवटी 'अहो मुंबई-गोवा हायवे' म्हटल्यावर उलगडा झाला. गाडी आली, भाऊ वाचला, पण ती मिनिटं तो चिखलात पडून होता. नंतर पंचनाम्यात लिहिलं गेलं क्र. १७, कारण लिहिणाऱ्यानेही दगड बघूनच लिहिलं. दवाखान्याच्या कागदावर ६६. विम्याचा क्लेम टाकला तर तिकडून उत्तर आलं की दोन्ही कागदांत अपघाताचं ठिकाण वेगळं आहे, दोन्ही रस्ते एकच असल्याचा दाखला जोडा. आता असा दाखला देतं कोण? आत्या तीन महिने फेऱ्या मारत होती. प्रत्येक टेबलावरचा माणूस म्हणायचा, "आत्या, आम्हाला कळतंय हो, पण आम्ही कागदाच्या बाहेर जाऊ शकत नाही." आणि त्यांचंही काही चुकत नव्हतं.

मी नंतर मुद्दाम तो दगड बघायला गेलो. जवळ जाऊन हात लावला तेव्हा समजलं. दगड जुना, १७ त्यात छिन्नीने कोरलेला. मधल्या काळात कधीतरी कोणीतरी त्याच्यावरून पिवळा रंग फासून वर ब्रशने ६६ काढला होता. कोकणातला पाऊस, दोन-तीन पावसाळ्यांत वरचा रंग पोपडे होऊन गळाला. ६६ मधला एक सहा अर्धा राहिला होता, आणि त्याच्या पोटातून कोरलेला १७ स्वच्छ दिसत होता. खालचा किलोमीटरचा आकडा तर वाचताच येत नव्हता, निम्मा भरावात गाडला गेला होता. म्हणजे कंत्राटाच्या बिलात 'क्रमांक बदलला' अशी नोंद कुठेतरी असणार, खोटी नाही, त्या दिवशी बदललाच असेल. नंतर तो टिकला का हे बघायला कोण आलं?

इथे हुशार लोक म्हणतात, अहो आता दगड कोण वाचतं, सगळ्यांकडे मॅप आहे. हा आक्षेप सगळ्यात जड आहे आणि मी तो हलका करून सांगणार नाही. खरंच आहे, मीसुद्धा मॅप लावूनच जातो, आणि लोकेशन पाठवलं की नंबरची गरज पडत नाही. पण तो मॅप नंबर घेतो कुठून? सरकारी नोंदीतून. आणि ड्रायव्हर बघतो काय? पाटी. फोन म्हणतो ६६ वर राहा, समोर पाटी म्हणते १७, अनोळखी माणूस ब्रेक मारणार, रात्री, घाटात, मागे ट्रेलर असताना. म्हणजे मॅप आल्यामुळे ही विसंगती झाकली जात नाही, उलट ती पहिल्यांदाच प्रत्येकाच्या डोळ्यावर यायला लागली. शिवाय कशेडीच्या घाटात, आंब्याच्या घाटात रेंजचा भरवसा कोणी द्यावा. आणि एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. ओपनस्ट्रीटमॅप म्हणून जो नकाशा जगभरचे लोक हौसेने, पदरमोड करून बनवतात, त्यात रस्त्याच्या नोंदीत जुना नंबर लिहायला वेगळी जागा ठेवलेली आहे, आणि त्यांचा नियमच आहे की जमिनीवर जे दिसतं ते आधी. बिनपगारी हौशी लोकांना जे सुचलं ते पगारी खात्यांना का सुचू नये?

आता खड्डेवाले. त्यांच्यावर मी चिडत नाही, मुंबई-गोवा रस्त्याचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे आणि दर गणपतीला तेच हाल बघितलेल्या माणसाला नंबर हा चैनीचा विषय वाटणारच. पण माझं म्हणणं नीट ऐका, खड्डा भरतो कोण? ज्याच्या नावावर रस्ता आहे तो. आणि रस्ता कोणाच्या नावावर आहे ते कशावरून ठरतं? त्याच्या वर्गावरून आणि नंबरवरून. एनएचएआय म्हणजे केंद्राचं राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण आहे, पीडब्ल्यूडीचा म्हणजे सार्वजनिक बांधकाम खात्याचा राष्ट्रीय महामार्ग विभाग आहे, पीडब्ल्यूडीचा साधा विभाग आहे, एमएसआरडीसी म्हणजे राज्याचं रस्ते विकास महामंडळ आहे, झेडपी आहे, नगरपरिषद आहे. त्यांच्या कागदात प्रमुख जिल्हा मार्ग म्हणजे प्रजिमा, इतर जिल्हा मार्ग म्हणजे इजिमा, राज्य मार्ग म्हणजे रा.मा. आणि राष्ट्रीय महामार्ग म्हणजे रा.म., एका कान्याच्या फरकाने मालक बदलतो. दगडाच्या डोक्याचा रंगही त्यासाठीच असतो, पिवळा राष्ट्रीय, हिरवा राज्याचा, केशरी ग्रामसडकेचा. तो रंग आणि तो नंबर म्हणजे तक्रार कुठल्या दारात न्यायची याचा पत्ता. पत्ताच चुकीचा लिहिला असेल तर पत्र कुठे पोचणार? २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यात १९८अ कलम आलं, रस्त्याचा दर्जा राखला नाही म्हणून कोणाचा मृत्यू झाला किंवा कोणी अपंग झालं तर त्या यंत्रणेला, कंत्राटदाराला एक लाखापर्यंत दंड. चांगलं कलम आहे. पण ते लावायचं कोणाला हे ठरवण्यासाठी आधी रस्ता कोणाचा ते सिद्ध व्हायला लागतं ना?

बायपास झालेल्या कुठल्याही गावात जा आणि बाजारपेठेतून जाणारा जुना हायवे बघा. दगड पिवळा, नंबर राष्ट्रीय, आणि खड्डे गुडघ्याएवढे. राष्ट्रीय महामार्गवाले म्हणतात आमचा रस्ता आता बाहेरून जातो, हा आम्ही पीडब्ल्यूडीकडे वर्ग केला. पीडब्ल्यूडी म्हणते वर्ग करण्याचं पत्र आलंय पण दुरुस्त करून द्या मग घेतो. नगरपरिषद म्हणते आमच्याकडे कागद आलाच नाही. तिघेही आपापल्या फायलीत बरोबर. लोक मात्र पिवळा दगड बघून वर्षानुवर्षं चुकीच्या ऑफिसात अर्ज टाकतात. मुंबईत पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग २०२२ मध्ये एमएमआरडीएकडून महापालिकेकडे देखभालीला आले, पेपरात मोठ्या बातम्या झाल्या म्हणून निदान लोकांना कळलं. तालुक्याच्या गावातल्या तीन किलोमीटरची बातमी कोण छापणार? तिथे पाटी हीच बातमी.

आणि त्याहून वाईट प्रकार म्हणजे 'तत्त्वतः' राष्ट्रीय महामार्ग. देशातले राष्ट्रीय महामार्ग २०१४ मध्ये सुमारे ९१ हजार किलोमीटर होते ते दहा वर्षांत १ लाख ४६ हजारांवर गेले, त्यात एकट्या महाराष्ट्रात १७ हजारांच्या वर. एवढे सगळे नवीन बांधले असं नाही, बरेचसे जुने राज्य मार्गच वर चढवले. त्यातले कितीतरी आधी फक्त तत्त्वतः जाहीर झाले. तत्त्वतः म्हणजे राज्याने हात आखडता घेतला कारण रस्ता जाणार आहे, आणि केंद्राने पैसा टाकला नाही कारण रस्ता अजून आलेला नाही. दगड हिरवा, घोषणेतला नंबर राष्ट्रीय, आणि मध्ये लोंबकळणारी गावं. ज्याची जमीन कडेला आहे त्याचं तर आणखी वेगळं, कारण हायवेच्या मध्यापासून किती अंतर सोडून बांधायचं, ती इमारत रेषा आणि नियंत्रण रेषा, रस्त्याच्या वर्गाप्रमाणे बदलते. माणूस हिरवा दगड बघून घराचा पाया खणतो आणि बिनशेतीच्या वेळी कळतं की रस्त्याने केव्हाच वर्ग बदललाय.

कोणी म्हणेल, एवढं सगळं कागदावरच आहे, प्रत्यक्षात काय फरक पडतो. २०१७ आठवा. सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूची दुकानं नकोत असा आदेश आधीच्या डिसेंबरमध्ये दिला होता, तो १ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. लगेच ठिकठिकाणी महामार्गांचा दर्जा काढायची धावपळ सुरू झाली. चंदीगडने तर शहरातल्या रस्त्यांना जिल्हा मार्ग करून टाकलं. रस्ता तोच, डांबर तेच, ट्रक तेच, फक्त नोंद बदलली आणि दुकान वाचलं. कायद्यात ते बसतं की नाही हा वेगळा विषय, जुलैमध्ये न्यायालयाने पालिका हद्दीपुरती सूटही दिली. पण मला त्यातून एवढंच दिसतं की ज्यांचे पैसे अडकलेले असतात त्यांना रस्त्याच्या नोंदीची ताकद पक्की माहिती असते, आणि ती नोंद हवी तेव्हा भराभर बदलताही येते. मग आत्याच्या दाखल्यासाठीच ती जड का होते?

खर्चाचा मुद्दा राहिला. पाट्या, दगड, खांब, हजारो किलोमीटर, पैसा लागतो हे खरं. पण महामार्गाच्या चौपदरीकरणाच्या कामात पाट्या आणि दगड आधीच धरलेले असतात, आणि रंगरंगोटी अधूनमधून होतेच. ज्या दिवशी दगडाला पिवळा लावतात त्याच दिवशी जुना आकडा छिन्नीने घासून नवा कोरायला किती जास्त लागतात? छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावं २०२३ मध्ये झाली, त्या नामांतराबद्दल तुमचं माझं मत काहीही असो, पण त्यानंतर किती लवकर किती पाट्या बदलल्या हे मराठवाड्यात फिरणाऱ्या प्रत्येकाने बघितलंय. म्हणजे माणसं आहेत, रंग आहे, पैसाही निघतो. नंबराला कोणी वाली नाही एवढंच.

बाहेरचं एक उदाहरण मला इथे फार लागू वाटतं. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात १९३४ पासून रस्त्यावरच्या पाट्यांवर एक नंबर आणि राज्याच्या कायद्यात त्याच रस्त्याचा दुसरा नंबर, असं तीस वर्षं चाललं. कायद्यातला नंबर गाडी चालवणाऱ्याला माहीतच नसायचा. १९६४ मध्ये त्यांनी हे मिटवलं, आणि मिटवताना बहुतेक ठिकाणी पाटीवरचा नंबर कायद्यात घेतला. लोकांच्या डोळ्यासमोर जे होतं त्याच्याकडे कागद सरकला. आपल्याला उलट्या दिशेने जायचंय, आपली नवी पद्धत खरंच चांगली आहे म्हणून जाऊ, पण मग पाटीला तिथपर्यंत हाताला धरून न्यायला हवं.

आणि बाहेर कशाला बघायचं. आपल्याच कोकणात शिलाहार राजांच्या काळातल्या गधेगाळी, म्हणजे दानाचे कोरीव दगड, आहेत, अलिबागजवळ अक्षीला आहे, आणखी कितीतरी गावांच्या शिवारात आहेत. राजाने जमीन दान दिली की ज्याला दिली त्याच्याकडे ताम्रपट असायचा, पण गावाला कसं कळणार? म्हणून दगड उभा करायचे, वर चंद्र-सूर्य, खाली हे दान जो मोडेल त्याला शिवी, आणि वाचता न येणाऱ्यालाही समजेल असं चित्र. कपाटातली नोंद आणि शिवारातला दगड दोन्ही मिळून दान पुरं व्हायचं. हजार वर्षांपूर्वीच्या कारभाऱ्याला कळत होतं की ज्याच्यावर नियम लागू होणार आहे त्याच्या नजरेसमोर तो उभा असला पाहिजे. आपण गॅझेटची पीडीएफ चढवतो आणि म्हणतो, आता सगळ्यांना माहीत आहे असं कायदा समजतो.

म्हणून मला एवढंच हवंय. एक, रस्त्याच्या ज्या लांबीवर पाटी बदललेली नाही तिथे जुना नंबर प्रत्येक सरकारी आणि विम्याच्या कागदावर चालेल असं एक साधं परिपत्रक. आणि नव्या प्रत्येक दगडावर जुना नंबर बारीक अक्षरात, निदान दहा वर्षं, त्याच्याखाली रस्ता कोणत्या विभागाकडे आहे ते नाव. जो दगड आज फक्त गावाचं अंतर सांगतो त्याने मालकही सांगावा. किलोमीटरचा आकडाही तपासायला हवा, कारण बायपास आणि सरळ केलेल्या वळणांमुळे अंतरं बदललीत आणि कामाच्या कागदात जुनी साखळी आणि नवी साखळी (साखळी म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासून मोजलेलं अंतर) असे दोन वेगळे आकडे फिरत असतात, अँब्युलन्सवाल्याने कुठला धरायचा?

भावाच्या क्लेमचं शेवटी झालं, एका भल्या हवालदारांनी पुरवणी जबाबात 'क्र. १७ म्हणजेच नवीन क्र. ६६' अशी एक ओळ लिहून दिली म्हणून. ती झेरॉक्स आत्याने अजून देवघराच्या खणात ठेवलीय. दगडाबद्दल मी गेल्या दिवाळीत फोटोसकट अर्ज दिला होता. दोन महिन्यांनी उत्तर आलं, सदर लांबी या विभागाच्या अखत्यारीत येत नाही. कोणाच्या येते ते लिहिलेलं नव्हतं. त्या उत्तराची प्रत जोडून मागच्या आठवड्यात दुसऱ्या विभागाकडे अर्ज टाकलाय, विषयाच्या ओळीत दोन्ही नंबर लिहून.